मंगळवारची ड्युटी

(टेक्सासमधल्या लष्करी छावणीलगतचं गाव. ट्रूडीचं स्वयंपाकघर. तिचा नवरा ड्वेन खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. उद्या ज्यूरी त्याची शिक्षा ठरवणार. समोर बसलाय त्याचा सार्जंट, मॅक्रे.)

ट्रूडी : ...म्हणजे उद्या साक्षीत हेच सांगणार? शूर होता, बूट चकचकीत ठेवायचा?

मॅक्रे : खरं आहे ते, पोरी. इराकात पेटत्या गाडीतून दोघांना ओढून काढलं त्यानं. ज्यूरीला असलं ऐकायला आवडतं.

ट्रूडी : ज्यूरीनं काल सरकारी वकिलाचंही ऐकलं. म्हणे, डॉक्टर बोलावत होते, आरोपी गेलाच नाही. त्या मेलेल्या पोराची आई माझ्याकडे बघत होती. मी मान वर केली नाही.

मॅक्रे : हं.

ट्रूडी : हं काय? मंगळवारी दुपारी त्याची मनाच्या डॉक्टरकडे वेळ असायची. आणि मंगळवार आला की तुम्ही त्याला गोळीबाराच्या मैदानावर काडतुसांची रिकामी टरफलं वेचायला धाडायचात.

मॅक्रे : कुणाला तरी धाडावंच लागतं.

ट्रूडी : दर मंगळवारी त्यालाच? वर सगळ्यांदेखत, ‘काय राणीसरकार, आज डोकं दुखत नाही ना?’ शेवटी दवाखान्यानं नावच कापलं त्याचं.

मॅक्रे : थट्टा होती गं. पलटणीत चालतं.

ट्रूडी : चालतं ना? मग तेवढी थट्टा उद्या तिथं करून दाखवा. आमचा वकील म्हणतो, तुम्ही हे बोललात तर जन्मठेप टळेल. माझ्या लेकीला बाप कधीतरी घरी दिसेल.

मॅक्रे : आणि त्या बाईचा पोरगा? बारमध्ये बाटली मी नव्हती घातली त्याच्या डोक्यात.

ट्रूडी : ड्वेननंच घातली. तो पोरगा पडल्यावरही मारत राहिला. मी कुठं त्याला साधू म्हणतेय? पण तो डॉक्टरकडे जायला तयार होता हो! गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा असायचा. तुमचा फोन आला की किल्ली ठेवायचा आणि बूट चढवायचा.

मॅक्रे : मी तोंड उघडलं तर चौकशी लागेल. मग मलाही त्याच डॉक्टरसमोर बसवतील. पेन्शन तोंडावर आलंय माझं.

ट्रूडी : तुम्हाला काय धाड भरलीय डॉक्टरला भ्यायला?

मॅक्रे : झोप नाही. मागच्या महिन्यात दचकून जागा झालो, तर डेनिसचा गळा माझ्या हातात. बायको आहे माझी! आता ती पोरांना घेऊन दुसऱ्या खोलीत झोपते. आतून कडी लावून.

ट्रूडी : म्हणजे तुम्हाला कळत होतं. त्याला काय होतंय ते सगळ्या छावणीत तुम्हाला एकट्याला कळत होतं.

मॅक्रे : म्हणूनच बघवत नव्हतं मला. ड्वेन डॉक्टरकडे जातो म्हटल्यावर मी का जात नाही, याचं उत्तर कुणाला द्यायचं?

ट्रूडी : मग उद्या द्या.

मॅक्रे : विचारतील तेवढंच सांगीन. माफ कर मला. आणि मलाही ड्वेनसारखंच होतंय, हे डेनिसच्या कानावर घालू नकोस. कडी आहे तोवर ती निर्धास्त आहे.

ट्रूडी : खून झाला त्या शनिवारी मीही कडी लावली होती, सार्जंट. ड्वेननं बराच वेळ दार वाजवलं, आणि मग तो बारमध्ये गेला.