वरणाचं माप

माहं डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळं आधी ऐका आन् मंग काय हसाचं ते हसा. कॉलेजसाठी दारव्ह्यात खोली केली तेव्हाच ठरवलं होतं, खोलीत प्लास्टिकची पन्नी आणाची नाही. भाकरी मीच थापतो, फक्त वरण खानावळीतून आणतो. परवा स्टीलचा डबा घेऊन गेलतो.

"काका, पन्नी नको. डब्यात द्या."

खानावळवाल्या काकानं मान हलवली, पन्नीत वरण भरलं, गाठ मारली, मंग तीच पन्नी फोडून डब्यात रिकामी केली आन् नालीत फेकली.

"हे काय करून राह्यले? सरळ डब्यात ओता ना!"

"मंग पार्सल किती झालं, हे मले कसं समजन? पन्नी भरली का पार्सल झालं. तुमच्या डब्याचा काय भरोसा?"

"म्हणजे डबा आणून मी झक मारली?" मी भडकलो.

काल खोलीवरून वाटी नेली. त्याच्यासमोर पन्नीतलं वरण वाटीत ओतलं. काठोकाठ, बरोबर.

"हेच माप आता. वाटी इथंच ठेवा. पन्नी कायले पाहिजे?"

"हे पटलं," काका म्हणाला. मले वाटलं, जिंकलो.

आज गेलतो. "काका, आपली वाटी काढा."

काकानं फळीवरून एक पन्नी काढली, दातानं गाठ तोडली, आतून वाटी काढली आन् पन्नी नालीत फेकली.

"तुमची वाटी आहे ना भाऊ, धूळ नाही बसली पाहिजे. रोज नव्या पन्नीत ठेवत जाईन."