दोन जावा आणि पंचायतीची घंटा

"म्हाताऱ्यांच्या रक्षणाचा सरकारी निधी आपल्या पंचायतीला आलाय. एकटीनं राहणारीच्या घरात घंटा..." कासू गावाला जाणाऱ्या रिक्षात एवढंच कानावर आलं आणि बोलणारी बाई उतरूनच गेली.

मी तडक शेजारी गेले. तिथं हिराकाकू आणि गंगाकाकू या विधवा जावा राहतात. मागे हिराकाकू न्हाणीत पडली तेव्हा गंगाकाकूनं घसा फोडून मारलेल्या हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या. घंटा तर हवीच! पण ती मिळणार एकटीला, आणि या तर दोघी. मग मीच मधोमध लुगडं बांधून एका घराची दोन घरं केली.

चौकशीला पेणहून साहेब आले. "काकू, तुमचं कोण बघतं?"

"कोन नाय हो," हिराकाकू रडवेली झाली. "एकटीच हाय मी."

लुगड्यामागून गंगाकाकू कडाडली, "व्हय गो? मग सकाळची पेज काय सरकारनं भरवली?"

साहेब पोट धरून हसले. "अहो, घरात तरुण माणूस नसलं की झालं. दोघी चालतात!"

तर घंटा आली. पण त्यांच्या घरात नाही. त्यांच्याकडे नुसतं बटण आहे. घंटा वाजते माझ्या स्वयंपाकघरात, दिवसातून दहादा, आणि बहुतेक वेळा मला चहाला बोलवायला.