कॅसेटमधला चहा

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर सटाण्याच्या बसच्या रांगेत कोंडाजी मास्तर पेपर वाचत होते. म्हणजे पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होते.

"रेहाना, नवऱ्याची कॅसेट आली म्हणं कुवेतहून?"

"आली ना, सुलामावशी. सगळ्यांनी बसून ऐकली."

"तुला काय म्हणला?"

"सासरे, दीर समोर. मला काय म्हणणार? अम्मीची दवा, बकरीची तब्येत."

"बकरीचं नशीब लय चांगलं हाय! मग आधी इथून त्याला कॅसेट भरून धाडली, तवा तू बोलायचं ना."

"सगळ्यांसमोर? मी नुसता चहा वाटला. बांगड्या वाजल्या, तेवढंच."

"दोन वर्षांत तेवढंच?"

"हो. या कॅसेटच्या शेवटी म्हणाले, 'अब्बा, पुढची कॅसेट भरताना चहा जरूर मागवा.'"