पहिलं चालेल

…आणि वर मलाच विचारतो, "आई, तू चालेल म्हणाली होतीस ना?" म्हणाले होते! कोण नाही म्हणतंय? पण मी चालेल म्हटलं म्हणून काय लगेच चालवायचं? तुम्हीच सांगा! तुम्ही सगळी आपलीच माणसं, तुमच्यातल्या निम्म्यांनी आत्ता हॉलमध्ये शिरताना "मागची खुर्ची चालेल रे मला" म्हटलंय, या कानांनी ऐकलंय मी… आणि आता बसलात मागे माना उंच करून!

तर तुम्हाला सांगते, मी नागपूरची. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. मोठ्या बाई म्हणायचे मला. "मोठ्या बाई येऊन राहिल्या गं!" एवढं कुणी कुजबुजलं की अख्खा व्हरांडा चिडीचूप. शिपाई, क्लार्क, झालंच तर संस्थेचे अध्यक्षसुद्धा… अध्यक्ष तर सगळ्यात आधी. आणि माझ्या टेबलावर गोल शिक्का होता. आडवा नव्हे, गोल! आडवा काय, कुणीही मारतो.

आणि आता? आता अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. माझा मुलगा, श्रीरंग, इथे डेटा सेंटरमध्ये आहे, म्हणजे एका बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारतीत जाऊन कॉम्प्युटर गार राहतायत ना, ते बघतो. आणि घरी येऊन तेच करतो, फक्त तिथे कॉम्प्युटर असतात, इथे मी! थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही, तो याच्या फोनवरून चालतो. सणसणीत फोडणी द्यायची नाही, छताला धूर लागला की बोंबलणारा भोंगा आहे. कुठे जायचं तर कुणीतरी ड्राइव्ह केलं पाहिजे. पण हां, खोटं कशाला बोलू, प्रत्येक गोष्ट मला विचारून होते! "आई, आज पास्ता चालेल?" चालेल. "आई, तुझी खोली बेसमेंटमध्ये केली तर?" चालेल. "आई, एसी एवढाच ठेवू ना?" चालेल! आणि ऐन जुलैत मी शाल पांघरून पास्ता खाते… बेसमेंटमध्ये.

मग आश्लेषा, माझी सून, गुणाची आहे हो, तिला वाटलं आईंना करमत नसेल. म्हणाली, "आई, लायब्ररीत सीनियर्ससाठी इंग्लिशचा क्लास असतो, जाल का?" आता मी, जिनं आयुष्यभर दहावीच्या मुलींना ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, ती मी काय म्हणाले असेन?

बरोबर. चालेल.

क्लासला शिकवायला एक व्हॉलंटियर बाई होत्या, मिस केली, खूप गोड, सारख्या "वंडरफुल" म्हणायच्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ऑथॉरिटी अँड पॉवर', खाली शब्द दिले, ऑर्डर, ओबे, अलाउ, कन्सेंट, आणि म्हणाल्या, प्रत्येकानं आपल्या भाषेतला शब्द लिहा आणि शेजारच्याला समजावून सांगा. माझ्या शेजारी कोण? यार्मिला. आपल्याकडे शर्मिला असते ना, तशी त्यांच्याकडे यार्मिला. चेक प्रजासत्ताकातली, ब्र्नो गावची, माझ्याच वयाची, लेकीकडे येऊन राहिलेली. मी म्हटलं हुकूम, ती म्हणाली रोस्कास. मी म्हटलं सत्ता, ती म्हणाली मोत्स. ती म्हणाली ऊर्झाद, मला कळेना, मग तिनं हातांनी सगळं करून दाखवलं… खिडकी, खिडकीमागे बसलेली बाई, बाहेर रांग, आणि बाई रांगेकडे बघतच नाहीये! मी म्हटलं, अगं बाई, सरकारी कचेरी! ती तिकडे नगरपालिकेत होती हो. आणि मग तिनं वहीवर एक वर्तुळ काढलं आणि त्यावर मूठ आपटली, धप्प! गोल शिक्का! तुम्हाला सांगते, मी तिचा हातच धरला. दोन शिक्केवाल्या बाया, परक्या देशात, लायब्ररीच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

मग 'ओबे' आला. ती म्हणाली, पोस्लोउखात, पण आमच्यात ऐकण्यालाही तेच म्हणतात. मी म्हटलं, आमच्यातही! "कार्टं ऐकत नाही" म्हणजे काय त्याचे कान खराब आहेत? इंग्रजीत मात्र कानानं ऐकणं निराळं आणि सांगितलेलं ऐकणं निराळं. म्हणून तर माझी नात, इला, सगळं शांतपणे ऐकून घेते, "आय हिअर यू, आजी" म्हणते, आणि तिला करायचं तेच करते.

शेवटी 'कन्सेंट'. यार्मिला म्हणाली, सोउहलास. मी लिहिलं संमती… आणि थांबले. संमती! घरात कधी कुणाच्या तोंडी ऐकलाय हा शब्द? "आई, तुझी संमती आहे का?" असं विचारणारा मुलगा एक तर पळून जाऊन लग्न करून आलेला असतो, नाहीतर वकील तरी असतो. मग घरातला शब्द कोणता? मी संमती खोडलं आणि लिहिलं, चालेल. मिस केली आल्या. म्हणाल्या, "वंडरफुल! सो इट मीन्स येस?" मी म्हटलं, नो. "ओह… देन इट मीन्स नो?" मी म्हटलं, नो. त्या गोंधळल्या. "देन व्हॉट डझ इट मीन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इट मीन्स… आस्क मी अगेन."

कुणीच हसलं नाही हो. मीसुद्धा.

कारण तुम्हाला सांगते, आपल्याकडे असंच असतं. जेवायला बसा म्हटलं की पाहुणा काय म्हणतो? "नको, आत्ताच झालंय." मग यजमान म्हणतो, "असं कसं, दोन घास तरी!" मग पाहुणा, "बरं, अगदी थोडं." आणि मग व्यवस्थित जेवतो. पहिलं नको हे काही नको नसतं. आणि पहिलं चालेल हे काही चालेल नसतं! त्यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, "नाही, पण तुला मनापासून काय वाटतं?" मग आपण म्हणायचं, "माझं काय एवढं!" आणि मग त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसायचं असतं. ही सगळी पद्धत आहे, लहानपणापासून रक्तात भिनलेली. पण श्रीरंगला इथे इतकी वर्षं झाली, इथे लोक एकदाच विचारतात. नको म्हटलं की ताट उचलून घेऊन जातात बाप्पा!

तर त्यानं एकदाच विचारलं. डिशवॉशर भरता भरता, माझ्याकडे पाठ करून. "आई, बजाजनगरचा फ्लॅट आता काढून टाकायचा का? बंदच असतो. मागच्या वेळी तू तिथे एकटी असताना बाथरूममध्ये पडलीस, मला इथे दोन दिवसांनी कळलं. मला नाही आता ते सहन होत." खरं होतं त्याचं. काळजीनंच म्हणत होता. आणि मी काय म्हटलं?

…चालेल.

आणि वाट बघत राहिले. आता वळेल, आता म्हणेल, "नाही, पण मनापासून?" त्यानं बटण दाबलं, मशीन घुर्रर्र सुरू झालं, आणि तो जिना चढून वर गेला.

तो नागपूरचा फ्लॅट म्हणजे काय आहे माहितीये का? फार काही नाही. बाल्कनीत उन्हाळ्यात कूलर धडधडतो, स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. पण दारावर पाटी आहे. ह्यांनी हौसेनं करून आणलेली, वर माझं नाव आणि खाली ह्यांचं. लोक हसायचे, हे म्हणायचे, "हसू द्या, मोठ्या बाईंचं घर आहे." हे गेले, पाटी तशीच आहे. इथे श्रीरंगच्या दारावर नावच नाही हो, नुसता नंबर. म्हणजे बघा, या जगात माझं नाव लिहिलेली एकच जागा उरली होती, आणि तिला मी चालेल म्हणून बसले होते!

पुढच्या आठवड्यात यार्मिलाला सांगितलं. म्हटलं, मुलगा पॉवर ऑफ अटर्नी करून घेतोय, म्हणजे तो तिकडे जाऊन परस्पर विकू शकेल. ती एकदम ताठ बसली. खिडकीमागची बाई जागी झाली ना! म्हणाली, "प्लना मोत्स!" म्हणजे त्यांच्यात त्या कागदाला संपूर्ण सत्ता म्हणतात. "यू गिव्ह प्लना मोत्स, यू हॅव झीरो मोत्स! यू वाँट?" मी म्हटलं, आय सेड चालेल. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "आय आस्क यू अगेन. यू वाँट?"

तुम्हाला सांगते, ब्र्नोच्या बाईला कळलं! पोटच्या पोराला नाही कळलं, तिला कळलं! मला तिथे लायब्ररीत रडू आलं, मिस केली टिश्यूचा डबा घेऊन धावत आल्या, "वंडरफुल" म्हणायचं विसरल्या.

शनिवारी गेलो नोटरीकडे, इथे कुरिअरच्या दुकानातच नोटरी बसते. गाडीत मी म्हणाले का, की श्रीरंग, जरा थांब? नाही म्हणाले! कसं म्हणणार? त्यानं सुट्टी त्यात घालवलेली, कागद तयार, आश्लेषानं मला नवीन पेन दिलेलं. नोटरी म्हणजे एक चष्मेवाली बाई, तरुण, टेबलामागे. तिनं माझा पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅम, आर यू साइनिंग धिस ऑफ युवर ओन फ्री विल?" आणि हे विचारता विचारता तिनं खणातून काय काढलं?

गोल शिक्का!

आता मला सांगा! मुलाशी मी खोटं बोलले असेन, सुनेशी तर रोज बोलते, पास्ता छान झालाय म्हणते… पण गोल शिक्क्यासमोर? आयुष्यात नाही! मोठ्या बाई होते मी! पाठीचा कणा आपोआप सरळ झाला आणि तोंडून निघालं, "नो."

बाईनं शिक्का परत खणात ठेवला. श्रीरंग म्हणाला, "आई, तू काय करून राहिली?" बघा, घाबरला की नागपूर बाहेर येतं! "तू चालेल म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, "अरे, पण तू परत विचारलंच नाहीस!" तो म्हणाला, "म्हणजे?" आणि मी तिथेच, त्या कुरिअरच्या दुकानात, मागे खोकी घेऊन लोक उभे, त्याला पहिलं चालेल आणि खरं चालेल समजावून सांगितलं. उदाहरणांसह. मागचा एक माणूस खोकं खाली ठेवून ऐकत होता.

गाडीत बसलो, त्यानं पट्टा लावला. मग म्हणाला, "पास्ता?" मी म्हटलं, नाही आवडत रे. "बेसमेंट?" म्हटलं, गार आहे. "थर्मोस्टॅट?" मी नुसती शाल दाखवली. लाल सिग्नलला गाडी थांबली. समोर बघतच म्हणाला, "आई, मी अमेरिकेला जाऊ का असं विचारलं होतं, तेव्हा पण तू चालेल म्हणाली होतीस."

आता काय सांगायचं? सांगा ना! सगळं खरं बोलायचं ठरवून सुटले होते मी, नोटरीच्या बाईसमोर एवढी ताठ झालेली बाई… म्हटलं, "सिग्नल हिरवा झालाय. चल."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. एकदाच विचारलं, आणि तेवढंच बरं झालं.

मग काय, फ्लॅट राहिला. तिथल्या बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची, खालच्या मजल्यावरच्या रेणूकडे किल्ली ठेवायची, थंडीत मी तिथे आणि उन्हाळ्यात इथे, असं ठरलं. आणि आता विचारतात, म्हणजे इतकं विचारतात! "आई, चहा? नक्की? मनापासून?" अरे, चहाच आहे तो, आणा मुकाट्यानं! आश्लेषा तर लांबून माझा चेहरा न्याहाळते. मलाच आता जरा जीव नकोसा झालाय, पण बोलायची सोय राहिली नाही.

परवा रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते. मी पोळ्या करत होते. इलाला कॉलेजला ॲडमिशन मिळाली, जवळ नव्हे हो, पार कॅलिफोर्नियात, देशाच्या दुसऱ्या टोकाला! उड्या मारत होती. मग थांबली आणि श्रीरंगला म्हणाली, "बाबा, आय रिअली वाँट टू गो. इज दॅट ओके विथ यू?"

श्रीरंग पाण्याचा पेला हातात घेऊन बसला होता. हसला. म्हणाला, "चालेल."

"थँक्स, बाबा!" म्हणून ती फोन घेऊन पळाली मैत्रिणींना सांगायला. आश्लेषा तिच्या मागोमाग गेली. श्रीरंग पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. त्या घरात त्याचं चालेल कळलं असेल तर एकटीला, मला.

परत विचारावं का त्याला, असं आलं हो मनात. पण काही प्रश्न ज्यानं विचारायचे त्यालाच विचारावे लागतात, आणि ती तर पळाली होती. मी तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं आणि त्याच्या ताटात वाढली. "आई, नको, झालंय माझं, खरंच नको," म्हणत होता.

मी विचारलंच नव्हतं. खाल्ली त्यानं.