भाताची टोपली

जुबांग : अगं आई, ही तर भाताची टोपली!

मिंडू : भाताचीच आहे.

जुबांग : आज मेलेल्यांचा सण, ज्याची जशी कर्तबगारी तशी त्याची टोपली विणायची, आणि बाबांच्या नावानं असली शेतकऱ्याची? शूर माणसाच्या टोपलीला दारूनं भरलेली बांबूची नळी लागते. संध्याकाळी माझ्या उगातनं तीच दारू प्यायची आहे. बाबांचा, ब्लायोंगचा नातू, त्यात पलटणीतला! लांबघरातली सगळी बिऱ्हाडं वाट बघतायत, आणि तू...

मिंडू : म्हणूनच नळी लावली नाही. शत्रू मारलेल्याच्याच नावानं असते ती दारू. खोट्यानं प्यायली तर पिणारा रक्त ओकून मरतो. एकुलता नातू आहे माझा.

जुबांग : खोट्यानं? मलायाच्या लढाईत मिळालेलं इंग्लंडच्या राणीचं पदक खोटं?

मिंडू : पदक खरं. जखमी गोऱ्या शिपाई पोराला पाठीवरून आणला, त्याचं आहे ते. मारल्याचं नाही.

जुबांग : मग बाबांनी मारलेले ते तीन शत्रू?

मिंडू : ते तुझे, तू रचलेले. तू शाळेत होतास तेव्हा एकच होता. तुझ्या लग्नात दोन झाले. काल मेलेल्यांची गाणी गाणाऱ्या भाटाला तीन सांगितलेस.

जुबांग : बाबा कधी नाही म्हणाले नाहीत!

मिंडू : दर वेळी म्हणायचे. तुम्ही त्यांचा पेला भरायचात आणि आपलंच रेटायचात. शत्रू मारणारा बोटं गोंदवून घेतो ना? त्यांची बोटं कशी होती?

जुबांग : कोरी. पण कपाळावरचा वण? गोळीचा ना तो?

मिंडू : कसली गोळी! पट्ट्याचा वण. भाताची टोपली वाहतो तसं कपाळाला झाडाच्या सालीचा पट्टा बांधून त्या पोराला वाहिला, रात्रभर, चिखलातून. त्यानं धीर सोडू नये म्हणून बोलत राहिले. आपल्याच भाषेत, शेतातलं. डुकरांनी भाताची कशी नासाडी केली, कुंपण कसं घालायचं. छावणीत उतरवला, तर पोरगं केव्हाच गार झालेलं.

जुबांग : मेला होता?

मिंडू : वाटेत कुठं गेला ते कळलंच नाही, म्हणायचे. "मी आपला डुकरांचं सांगतोय, आणि हा गेलेला." त्यापायी पदक कधी छातीला लावलं नाही. जाताना मला बजावलं, माझ्या नावानं कुणी प्यायचं नाही.

जुबांग : मला का नाही सांगितलं?

मिंडू : सांगायला बसले की तू शत्रू वाढवायचास. राग आहे रे मला तुझा. म्हाताऱ्याला त्याची स्वतःची गोष्टसुद्धा सांगू दिली नाहीस.

(जुबांग टोपली मांडीवर घेतो.)

जुबांग : लोक हसतील, आई. उगात पलटणीत तोंड कसं दाखवेल?

मिंडू : हसू देत. जिवंत नातवाला हसलेलं चालेल मला.

जुबांग : आणि ही दुसरी, लहान टोपली?

मिंडू : त्या पोराची. त्याच्यासाठी इथं कोण विणणार?

जुबांग : नाव काय त्याचं? भाटाला सांगावं लागेल.

मिंडू : तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं.

जुबांग : बरं. उगातला सांगतो, प्यायचं नाही. भाटालाही सांगतो, शत्रू काढून टाक म्हणून. पण ते डुकरांचं मात्र शेवटपर्यंत गायला लावतो. त्या पोरानं अर्धंच ऐकलं असेल.