टेगनचा एकेचाळिसावा गोल

पोरींच्या ‘फुटी’च्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, सीझनमधली शेवटची मॅच, मध्यांतर, आणि मी खिम्याचा मीट पाय घ्यायच्या रांगेत. चोरून ऐकत नव्हते हं! गोल झाला की हॉर्न वाजवायला मैदानाभोवती गाड्या लावतात ना, त्यातल्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल, असंच बोलत होत्या पुढच्या दोघी.

“मेरेडिथ, माझ्या टेगननं गोल मारला तेव्हा तू गाडीचा हॉर्न वाजवला नाहीस.”

“वाजवला की गं, लोरेन!”

“एकदाच. टुक्. कुत्रं आडवं आल्यासारखा.”

“बॅटरी जुनी झालीय बाई.”

“तुझ्या ब्रायनीच्या गोलला बरी चालली! अंपायरनंसुद्धा वळून बघितलं.”

“तिचा पहिलाच गोल होता तो. अख्ख्या सीझनमधला पहिला! तुझ्या टेगनचे किती झाले?”

“एकेचाळीस.”

“तोंडपाठच आहेत!”

“तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

“चाळीस वेळा मनापासून वाजवला मी. पावसात, थंडीत, दर शनिवारी. आज नाही वाजवला गेला. जळते मी, जळते! झालं समाधान?”

“आणि मी नाही जळत?”

“तू? कशावर?”

“ब्रायनीच्या गोलला सगळ्या पोरी धावत आल्या, तिच्या अंगावर पडल्या. रीत आहे म्हणे, पहिल्या गोलला.”

“आहेच मुळी.”

“टेगनकडे आता कुणी वळूनही बघत नाही. मारला गोल, की निघाल्या आपापल्या जागेवर. ती बिचारी तुमच्या गाड्यांकडे बघत उभी राहते.”

“अगंबाई. मला काय ठाऊक!”

“म्हणून म्हणते, तू तरी नीट वाजव.”