ळच्या पोटातलं फूल

नाही नाही, उशीर कसला, बसा हो — हाताने ओढायचं यंत्र आहे, दांडा खाली आला की झाला ठसा तयार. आणा ती पेटी इकडे. खेळण्यांच्या दुकानाची जाहिरात छापायची म्हणालात ना? अगं बाई — ही अक्षरं! प्रत्येकाला पाय, पायांची बोटं वर वळलेली, ‘ल’ला मिशी, ‘म’ची ढेरी सुटलेली — बघितलं की हसूच फुटतं, नाही? लाकूडही चांगलं निवडलंय. आणि कोरलीत स्वतः? स्वतः! वा! सर्कशीच्या जुन्या जाहिराती पाहिल्या असतील कधीतरी — नाही? बरं. नसतील पाहिल्या.

ती माझी अक्षरं, दादा. छे, चिडत नाहीये. हा लाकडी हातोडा काय, सवयीने येतो हातात — बसा म्हटलं ना. माझी लेक हसायची नाही. बापच असा, की पोर जेवतानासुद्धा श्वास दबकत घ्यायची. तिला हसवायला एकेक अक्षर कोरलं, याच टेबलावर, आणि हसली हो ती — खदखदून हसली, आणि तेच त्याला झोंबलं. मी ळ कोरत होते. त्याने हातोडा घेतला आणि घातला माझ्या हातावर. पटाशी सटकली ती ळच्या पोटात घुसली. हे बोट बघा, अजून वळत नाही. वर म्हणाला, थांबायचं नाही. नाही थांबले. अक्षर पुरं केलं, घाव तसाच राहिला, आणि तसाच सर्कशीच्या जाहिरातीत छापून गावभर लागला.

तुम्ही तो घावही उचललात. — बोलू नका. बघून कोरणारा चूकसुद्धा उतरवतो, त्याचं मला काही नाही. पण इथे — इथे बघा, मान वळवू नका — घावाची जागा तुम्हाला ओकीबोकी वाटली, म्हणून तुम्ही तिथे फूल काढलंत. फूल! माझं बोट मोडलं तिथे फूल!

नवरा? त्याचं काय — त्याचा हात या यंत्रात सापडला. अपघात, सगळे अपघातच म्हणाले. तो वाकून कागद सरळ करत होता आणि दांडा आला खाली — आला म्हणजे, आपोआप येतो होय? दोन्ही हातांनी, अंग टाकून ओढावा लागतो. हाडं वाजली तरी मी सोडला नाही. केवढा ओरडला! आणि लेक दारात उभी. तिला वाटलं असेल का, की आई आता त्याच्यासारखीच — जाऊ दे. त्यानंतर ती हसली नाही. माझ्यासमोर तर नाहीच. भेटायलाही येत नाही.

दाराकडे काय बघताय? कडी मीच घातलीय.

घ्या पटाशी. फूल तासा. बाकी कशाला हात लावू नका — फक्त फूल, खाली घाव उघडा पडेपर्यंत. थांबलात का? थांबायचं नाही, मीही नव्हते थांबले. रडू नका, लाकूड ओलं होईल. खाली बघा. तासा.